खुर्चीला दिलेलं आमंत्रण

दर रविवारी दुपारी चार वाजता चष्मेवाल्या बाई गाण्यांचा स्पीकर काखोटीला मारून सभागृहाचा जिना चढत. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात त्यांचं बोलणं म्हणजे "आता दिसतंय? आणि आता?" एवढंच. घरी तर तेवढंही नाही. त्यामुळे जोडीजोडीनं नाचणाऱ्या या मंडळात त्यांचा जीव अडकला होता, आणि आता मंडळाच्याच जिवावर बेतलं होतं.

सभागृहाच्या रखवालदारानं सांगून टाकलं होतं, की महिनाअखेरीस तो दारातून डोकी मोजणार आणि बारा भरली नाहीत तर मंडळाचा हॉल बंद. हे होते अकरा.

नवी माणसं येत नसत असं नाही. येत, आणि पुन्हा तोंड दाखवत नसत. प्लंबरकाका समोरच्याचं पाऊल पडायच्या आधीच "चुकलं!" म्हणत. दोघी बहिणींतली थोरली पहिल्याच फेरीत लग्न, नोकरी आणि गुडघे या तिन्हींची चौकशी उरकून घेई. बाकीचे आपापल्या ठरलेल्या जोडीदाराला धरून गरगरत. शेवटच्या आलेल्या ग्रंथपालबाई तर कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीवर दोन तास पर्स मांडीवर घेऊन बसल्या आणि निघून गेल्या. त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही, याची चष्मेवाल्या बाईंना अजून लाज वाटे.

"माणसं येतात हो, आपल्याला ठेवता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "आता तालीम करायची."

तालीम कोणावर? त्याच रिकाम्या खुर्चीवर. वाक्यं ठरली. नवा माणूस आला की म्हणायचं, "आलात, बरं वाटलं. बसू नका, चला, एक फेरी माझ्याबरोबर." निघताना, "पुढच्या रविवारी येताय ना?" आणि तो एकटा निघाला तर कोणीतरी त्याच्या घराच्या दारापर्यंत सोडायला जायचं. 'चुकलं' हा शब्द प्लंबरकाकांना वर्ज्य. तीन रविवार अकरा शहाणीसुरती माणसं पाळीपाळीनं त्या खुर्चीपुढे वाकली आणि तिच्याशी गोडगोड बोलली. खुर्चीला घरी सोडायचा प्रश्न नव्हता, म्हणून तेवढं कलम नुसतं पाठ केलं.

चौथ्या रविवारी मोजणी होती. नवं कोणी फिरकलं नाही. थंडीचे दिवस, पाचलाच हॉलमध्ये अंधारून आलं. दोन ट्यूबलाइटपैकी एक सारखी लुकलुकत होती. पाच जोड्या लागल्या. उरल्या बाई. त्यांनी स्पीकर सुरू केला, खुर्चीपुढे हात केला आणि मेलेल्या आवाजात म्हणाल्या, "आलात, बरं वाटलं. बसू नका, चला..."

खुर्ची करकरली, कोणी उठताना करकरते तशी.

बाईंच्या तळहातात काहीतरी गार आलं. कित्येक वर्षं बंद राहिलेली पेटी उघडल्यासारखा वास आला. ओरडायला तोंड उघडलं, पण गाणं सुरू होतं, पावलं सवयीनं चालू लागली... आणि त्यांच्या पायावर कोणाचा तरी पाय पडला.

"माफ करा..." कानाशी कोणी पुटपुटलं.

तेवढ्यात रखवालदार दारात आला. बोटानं मोजत गेला. "...दहा, अकरा, बारा. भरले." टिकमार्क करून तो निघूनही गेला.

गाणं थांबलं. सगळ्यांनी एकमेकांना मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं. धाकटीनं चपला हातात घेतल्या.

"कोणी पळायचं नाही," बाई कुजबुजल्या. "आजवर आलेला प्रत्येक माणूस आपण घालवला. हा बिचारा बोलावलं म्हणून आलाय."

"पण बाई, तो... तो म्हणजे..." प्लंबरकाका म्हणाले.

"वेळेवर आला. पाय दिला तर माफी मागितली. तुम्ही मागता कधी?"

बाई खुर्चीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी... येताय ना?"

"आणि घरच्यांनाही घेऊन या हं!" थोरली सवयीनं बोलून गेली.

दहा जणांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती बाकावर बसलीच. निरोप उरकला तसे सगळे जिना एकदमच उतरले. घरी सोडायच्या कलमाची आठवण कोणी काढली नाही.

पुढच्या रविवारी रखवालदार जिन्याखालीच वैतागून उभा होता. "काय बाई, तुमची माणसं तासाभरापूर्वीच येऊन बसलीत. खुर्च्या संपल्या माझ्या."

वर भिंतींना लागून साठ खुर्च्या मांडलेल्या होत्या. सगळ्या रिकाम्या. अकरा जण एकमेकांचे हात धरून उंबऱ्यावरच थिजले.

"आलात, बरं वाटलं..." साठ ठिकाणांहून हळू, अदबशीर आवाज आला. "बसू नका..."

त्या दिवशी कोणालाही बसायला मिळालं नाही. थोरलीच्या गुडघ्यांची कोणीतरी तीनदा आपुलकीनं चौकशी केली. प्लंबरकाका कसेबसे एक फेरी पार करतात तोच त्यांच्या मानेशी गार श्वास आला, "चुकलं..."

सहा वाजता बाई घरी निघाल्या. रस्त्यात त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. घराच्या जिन्यावर मात्र त्यांच्या पावलांमागे आणखी एक पाऊल वाजत होतं. दार आलं. त्यांनी किल्ली फिरवली, आत शिरल्या, कडी लावली.

बाहेरून आवाज आला, "पुढच्या रविवारी येताय ना?"

घरात नेहमीची शांतता होती. बाईंनी ती क्षणभर ऐकली. इतक्या वर्षांत त्यांना दारापर्यंत सोडायला कोणी आलं नव्हतं, आणि त्यांना भीतीच्याही आधी रडू आलं.

"येते," त्या म्हणाल्या.

मग दाराला कान लावून पावलं जिना उतरायची वाट बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ झाला. जिना वाजला नाही. आतल्या खोलीत मात्र त्यांची जेवणाच्या टेबलाची खुर्ची करकरली.