दहा फुटी मांजऱ्या

शेलारमाळ गावात दोन विहिरी होत्या. देवळाच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी, आणि तिथून दीडशे पावलांवरच्या शाळेच्या विहिरीत फक्त एक मळका चेंडू. पाऊस दोघींवर सारखाच पडायचा. मग असं का? हे कोडं सोडवायला जिल्ह्याहून खनक-७ नावाचा यंत्रमानव आला होता आणि सकाळपासून अकरा वर्षांच्या भैरवीचं डोकं खात होता.

पाच वाजता तो पुढच्या गावी जाणार होता. तोवर पाणी लागलं नाही, तर शाळेला कुलूप. जूनपासून पोरांनी बसने नऊ किलोमीटरवरच्या शाळेत जायचं. भैरवीला बसच्या नुसत्या वासानं मळमळायचं.

दुपारी खनक विहिरीच्या तळातून बोलला, "खोली अठ्ठावीस फूट. काळा पाषाण. अतिशय कठीण. काम थांबवावे, अशी शिफारस आहे."

भैरवीचे आबा काठावर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी विहिरी खोदल्या होत्या. ते ओरडले, "थांबतोस काय लेका! खाली मांजऱ्या आहे, मांजऱ्या!"

इथेच सगळं बिघडलं.

खनकचे दोन्ही दिवे लाल झाले. "मांजऱ्या? किती?"

"असेल की चांगला दहा फूट."

"दहा फूट लांबीच्या मांजऱ्या," खनकने नोंद केली. "प्राणिरक्षणाच्या नियमानुसार त्या बाहेर येईपर्यंत खोदकाम बंद."

तो वर आला, बशीभर दूध मागून घेतलं, काठावर ठेवलं आणि सरकारी आवाजात विहिरीत हाका मारू लागला, "मनी. मनी. मनी."

तीन वाजले.

"अरे, मांजऱ्या म्हणजे खडक!" भैरवी किंचाळली.

"शब्दकोशानुसार मांजरी, अनेकवचन मांजऱ्या. पाळीव, मांसाहारी प्राणी."

"आमचा मांजऱ्या मांसाहारी नाही!"

"शाकाहारी मांजऱ्या," खनकने नोंद दुरुस्त केली.

"चाळीस वर्षं खोदतोय," आबा शांतपणे म्हणाले, "एकदाही चावला नाही."

भैरवी देवळाकडे पळाली. तिथल्या विहिरीतून निघालेल्या दगडांचा ढीग अजून पडून होता. त्यातला एक दगड आणून तिने खनकच्या तपासणीच्या खणात आदळला. "हा बघ मांजऱ्या. मिशा मोज आता."

खण गुणगुणला. "हा बेसॉल्ट (लाव्हा थंड होऊन झालेला काळसर खडक). मुख्य घटक दोन: पायरोक्सीन (लोह असलेलं गडद खनिज) आणि प्लॅजिओक्लेज (फिकट खनिज). तळातल्या पाषाणातही हेच आहेत. म्हणजे दोन्ही एकाच घरचे."

"मग यातले पांढरे ठिपके?"

"झिओलाइट (पाण्यातून साचणारं खनिज)." खनकने खण बंद केला. "लाव्हा गार होताना त्यातला वायू वर चढतो. प्रवाहाच्या माथ्याला बुडबुडे अडकतात, पोकळ्या राहतात. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून त्यांत ही खनिजं भरतात. मधला भाग मात्र सावकाश गार होतो आणि घट्ट बसतो. तोच काळा पाषाण."

"त्या ठिपक्यांच्या माथ्याला आम्ही मांजऱ्या म्हणतो," आबा म्हणाले. "झिजून भेगाळला की त्यातून पाणी चालतं. पाषाणात पाणी मिळायचं तर नेमकी भेग सापडायला हवी."

"पण मी माथा केव्हाच ओलांडला," खनक म्हणाला. "म्हणजे मांजऱ्या संपल्या."

"संपला!" भैरवीने चूक सुधारली.

"संपला."

भैरवीने डोळे मिटून मनात दहापर्यंत आकडे मोजले. "लाव्हा काय एकदाच आला? प्रवाहावर प्रवाह पसरले, डब्यातल्या भाकऱ्यांसारखे. तू वरच्या भाकरीच्या पोटात बसून शिफारशी करतोयस. तिच्याखाली दुसऱ्या भाकरीचा माथा असेल ना? देवळाच्या विहिरीत तो किती फुटांवर लागला, आबा?"

"वीस."

"आणि शाळा टेकाडावर आहे. देवळापेक्षा किती उंच, खनक?"

"बारा फूट."

"वीस आणि बारा?"

"बत्तीस."

"तू थांबलास कुठे?"

खनकने दोन्ही दिवे मंद केले. एवढ्या मोठ्या यंत्राला ती वजाबाकी येत नव्हती, असं नाही. "चार फूट अलीकडे," तो म्हणाला. "मात्र थर अगदी सपाट असेलच असं नाही. हा अंदाज आहे."

"भाकरीसुद्धा कुठे जाड, कुठे पातळ असतेच. उतर खाली!"

खनक उतरला. एकतिसाव्या फुटापर्यंत काळी भुकटी. बत्तिसाव्यालाही काळीच. भैरवी नखं खात होती. आबांनी तंबाखू मळायची थांबवली होती. तेहतिसाव्या फुटाला भुकटीचा रंग तपकिरी झाला, तिच्यात पांढरे दाणे चमकले, आणि पाठोपाठ ओला वास आला. पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना मळका चेंडू जागचा हलला आणि तरंगू लागला.

आबांनी भैरवीच्या पाठीत असा धपका मारला की तीही विहिरीत जायची.

खनक चिखलाने माखून वर आला. "नवी नोंद," तो म्हणाला. "मांजऱ्या: पुल्लिंगी, एकवचनी खडक. दूध पीत नाही. भैरवीताई, पुढच्या गावात लोक खडकांना गेरू, मुरूम असंही म्हणतात म्हणे. जाण्याआधी मला अशा शब्दांची वही करून द्याल? शब्दकोशापेक्षा खडक तुमच्याकडून बरे कळतात."

"देते. पण आधी शाळेच्या दारावर लिही, 'कुलूप नको'."

तेवढ्यात शाळेमागून एक खरीखुरी मांजर आली आणि बशीतलं दूध चाटू लागली.

खनक तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिला. "आबा," त्याने हळूच विचारलं, "ही कोणत्या थरातली?"