अकराला बिघडणारा आयन

"हा दिवा तुमचाच ना?"

टेबलाखालच्या वायरचा माग काढत ती शेजारच्या दुरुस्ती-खोलीत पोहोचली, तेव्हा तिच्या गुडघ्यांना धूळ होती आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

तिथल्या तंत्रज्ञाने मान वर केली. डोळे भलतेच हसरे. "माझाच. काही चुकलं का त्याचं?"

चुकलं? पंधरा दिवस त्या दिव्याने तिच्या तोंडचं पाणी पळवलं होतं! एका निर्वात पेटीत ती एकच आयन, म्हणजे विद्युतभार असलेला एक अणू, धरून ठेवत असे. लेझरने त्याला झुलवायचं. झोका पुरेसा वाढला की त्याची थरथर लेझरच्या प्रकाशासारखी शिस्तीत, एका सुरात चालते. प्रकाशाऐवजी थरथरीचा लेझरच म्हणा ना! पण स्वारी इतकी नाजूक, की बाहेरून जरासा धक्का लागला तरी आपला ताल सोडून त्या धक्क्याच्या तालावर नाचू लागते. दोन्ही खोल्यांची वायर एकच, आणि दिव्याची बारीक गुणगुण थेट पेटीत पोहोचत होती. उद्या सर बघायला येणार होते. जमलं नाही, तर यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार होतं.

तिने वही उघडली. "माझा आयन रोज अकराला बिघडतो. एक ते दोन ठीक. पाचनंतर ठीक. मंगळवारी मात्र सव्वाअकराला."

"मंगळवारी माझी सायकल पंक्चर होती..." तो बघतच राहिला. "पंधरा दिवस पाळत ठेवलीत माझ्यावर?"

"मी नाही, माझ्या आयनने!" म्हणता म्हणता तिचे कान तापले.

त्याने दिवा बंद केला आणि टेबल खिडकीपाशी ओढलं.

दुसऱ्या दिवशी आयनचा ताल दाखवणारी पडद्यावरची रेघ जराही हलली नाही. सरांनी चक्क पाठ थोपटली. तिला आनंद झाला, खूप झाला. पण त्यानंतर रोज अकराला तिची नजर त्या रेघेवर जाई, आणि तिला उगीच चुकल्याचुकल्यासारखं वाटे. तो आलाय की नाही, हे आता कळायला मार्गच नव्हता.

सोमवारी अकरा वाजून दोन मिनिटांनी — रेघ हलली.

ती धावतच गेली. बाहेर लख्ख ऊन, आणि टेबलावर दिवा लागलेला.

"का लावलात?"

"तुम्ही... भांडायला याल म्हणून." त्याने मान खाली घातली. "दुसरं काही सुचेना. आवडता तुम्ही मला."

तिने हात लांबवून दिवा बंद केला.

"पुन्हा लावू नकोस, प्रयोग बिघडतो माझा," ती म्हणाली, आणि समोरचं स्टूल ओढून बसली. "अकराला मी आपणहून येत जाईन."