माझा नंबर धरता का?

हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर रात्र घातली असती, पाऊस पाडला असता, दोन-चार कुत्री रडवली असती.

यात तसलं काही नाही. घडलं ते भर दुपारी, एक ते दोनच्या दरम्यान, शहराच्या मधोमध असलेल्या एका हॉटेलच्या लॉबीत. तिथे आत्ताही एसी चालू असेल आणि हळू आवाजात गाणी लागलेली असतील.

घडलं माझ्या मामाबाबत. त्याने सांगितलं तसंच सांगतो. मामा सुतार होता. तीनदा मोजल्याशिवाय तो फळीला करवत लावत नसे, आणि त्याचं बोलणंही तसंच, मोजूनमापून.

मामी गेल्यापासून तो दोन खोल्यांत एकटा राहायचा. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात तो तिच्या उशाशी बसला होता. "उठू नका हो जरा," मामी म्हणाली होती. तो दहा मिनिटांसाठी खाली चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा नर्स चादर सारखी करत होती.

त्या दहा मिनिटांबद्दल मामा मला सोडून कुणाशी बोलला नाही. चहा मात्र त्याने कायमचा सोडला.

आईने आमच्याकडची मागची खोली त्याच्यासाठी रिकामी केली. कॉट टाकली, हत्यारांसाठी फळी ठोकून घेतली. पुरे झालं एकटं राहणं, असा तिने धोशाच लावला. शेवटी मामा कबूल झाला. हातातलं एवढं एक काम उरकतो आणि येतो, म्हणाला.

ते काम म्हणजे ही इमारत.

जुनं सरकारी ऑफिस होतं ते. चार मजले, हातभर जाडीच्या भिंती. ऑफिस नव्या जागेत गेलं आणि इमारत एका हॉटेलवाल्याने घेतली. वर फायलींच्या खोल्या फोडून बाथरूम काढणं चालू होतं. खाली पूर्वी पेन्शनचा हॉल होता, तिथे लॉबी होणार होती.

हॉलमधला जुना काउंटर आणि त्याच्यासमोरचा लांबलचक बाक इंटिरियरच्या मॅडमना फार आवडला होता. जुनेपण दिसलं पाहिजे, पण नवं दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मामाने मान डोलावली. गिऱ्हाइकाशी वाद घालायचं त्याचं वय नव्हतं.

बाक नऊ माणसांचा. वर्षानुवर्षं बसून बसून लाकडात नऊ खळगे पडलेले.

पहिल्या दिवशी मामा सकाळी आला, तर वरच्या तोडफोडीची धूळ बाकावर बोटभर साचली होती. आठ खळगे पांढरे झालेले.

तिसरा मात्र... लख्ख स्वच्छ.

कुणी मजूर बसला असेल, असं त्याला वाटलं. त्याने बाक पुसला आणि कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. आणि हॉलची किल्ली तर मामाकडेच असायची.

दुपारी एक वाजला की वरची ड्रिल मशीन बंद पडायची. मजूर बाहेर जेवायला जायचे आणि सगळी इमारत एकदम गप्प व्हायची. मामा बाकावर, चौथ्या जागेवर बसून डबा उघडायचा. स्वतःच केलेल्या पोळ्या, त्याही एका बाजूने करपलेल्या.

तेव्हा शेजारून आवाज यायचा...

टक्.

चष्म्याची डबी उघडल्याचा. मग थोड्या वेळाने बंद केल्याचा. मध्येच प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ, कुणीतरी कागद पुन्हा पुन्हा तपासून बघावेत तशी.

तुम्ही-आम्ही पळालो असतो. मामा पळाला नाही. मला म्हणाला, "खरं सांगू का? बरं वाटायचं रे. तीन वर्षं झाली, जेवताना शेजारी कुणी नव्हतं."

तो चक्क बोलायला लागला त्या रिकाम्या जागेशी. आज मीठ जास्त पडलंय, गुडघा दुखतोय, मॅडमने पुन्हा रंग बदलला, असं काहीबाही. उत्तर यायचं नाही. डबीचा आवाज तेवढा व्हायचा.

दोन आठवडे असे गेले. मग एका बुधवारी, मामाच्या तोंडात घास असताना, अगदी कानाशी...

"जरा माझा नंबर धरता का? आलेच."

म्हाताऱ्या बाईचा, दमलेला, साधा आवाज.

मामाने मान वर न करता उत्तर दिलं. रांगेत कुणी विचारलं की आपण देतो तसंच.

"धरतो."

चपला फरफटत हॉलच्या उजव्या कोपऱ्याकडे गेल्या. तिथे एक बोळ होता, आत जुना पाण्याचा नळ. आवाज बोळात शिरला आणि थांबला. मामाने घास गिळला आणि मग त्याच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या नऊ खळग्यांवर धूळ होती.

मामाने दारावरच्या वॉचमनला विचारलं. हा पूर्वी त्याच ऑफिसात शिपाई होता. त्याने सांगितलं ते असं: पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा इथे यावं लागायचं, आपण जिवंत आहोत हे स्वतः दाखवायला. कुणी काठी टेकत यायचं, कुणी रिक्षातून. एक ते दोन खिडकी बंद, साहेब जेवायला. तेवढ्यात पाणी प्यायला उठायचं तर शेजारच्याला नंबर धरायला सांगायचं. पिशवी ठेवलेली चालत नसे, रुमाल चालत नसे. हो म्हणणारा माणूसच तिथे बसलेला लागायचा. तो उठला की नंबर गेला, मग उद्या या.

"एखादी बाई नळावर गेली आणि परत आलीच नाही, असं काही झालं होतं का?" मामाने विचारलं.

"रोज दोनशे म्हातारी माणसं यायची," वॉचमन म्हणाला. "कोण परत आलं आणि कोण नाही, हे बघायला माणूस कुठे होता?"

त्या दिवसापासून मामा एक ते दोन जागचा हलला नाही.

पण त्याच आठवड्यात मॅडमचं नवं ड्रॉइंग आलं. तो बोळ नको होता. तिथे छतापर्यंत लाकडी पॅनेल हवं होतं. मामाने एक दार ठेवू या म्हणून सुचवलं. आत काहीच नाही तर दार कशाला, असं मॅडमनी विचारलं. यावर काय सांगणार? मामाने स्वतःच्या हातांनी पॅनेल बसवलं. इतकं बेमालूम की बोटाला सांधासुद्धा लागणार नाही.

काम संपलं, हॉटेल सुरू झालं. मागच्या खोलीत आईने नवी चादर घातली. मामा आला नाही.

तो रोज एक वाजता हॉटेलात जाऊन चौथ्या जागेवर बसायला लागला. तिसरी जागा रिकामी ठेवून. मॅडमना कौतुक, बाक नवा करून देणारा कारागीर स्वतः येऊन बसतो म्हणून. पाहुणे फोटो काढायचे. आईने रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. तिला त्याने काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मला एकट्याला.

मी हसलो. मग त्याच्यावर चिडलो. "कोण कुठली बाई, मामा! तिच्यासाठी सख्ख्या बहिणीला रडवतोस?"

"तिचं कुणी असतं तर तिने मला विचारलं असतं का?" मामा म्हणाला. "एकदा उठलो होतो मी. आता नाही उठणार. आणि तिची परत यायची वाट मीच बंद केलीये."

गेल्या वर्षी एका बुधवारी मी ठरवूनच गेलो. आज मामाला घरी आणायचंच. मी पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. मामा चौथ्या जागेवर होता. मी पाचवीवर बसलो. त्याला आज जरा बरं वाटत असावं, चेहरा उतरलेला नव्हता. बॅग भरून ठेवलीये, म्हणाला. मी खूश झालो. आईला कळवायला लगेच मोबाइल काढला.

मी टाइप करत होतो. शेजारी मामा उठला...

"जरा माझा नंबर धर रे. आलोच."

"धरतो," मी म्हणालो. मोबाइलमधून मान वर न करता.

त्याच्या चपलांचा आवाज उजवीकडे गेला. मेसेज पाठवून मी वर बघितलं. उजवीकडे फक्त पॅनेल होतं. दार नाही, वाट नाही.

तेवढ्यात आईचाच फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. सकाळपासून मामाचं दार उघडेना म्हणून शेजाऱ्यांनी ते तोडलं होतं. तो पलंगावर होता. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेला. दाराशी बॅग भरून ठेवलेली होती.

मला धावत सुटायला हवं होतं.

मी दोन वाजेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

बाकी सगळं आईला सांगितलं, पण हे सांगता आलेलं नाही. त्या दिवशी फोन झाल्यावर इतका वेळ तू कुठे होतास, असं ती अजून विचारते. मी गाडी मिळत नव्हती म्हणतो.

माझं ऑफिस जवळच आहे. जेवणाच्या सुट्टीत मी रोज तिथे जाऊन बसतो. पाचव्या जागेवर. एसीने सगळा बाक गार असतो. माझ्या शेजारच्या दोन जागा, तिसरी आणि चौथी, जरा जास्तच गार लागतात. मी रोज हात लावून बघतो.

कधीतरी मलाही उठावं लागेल, हे कळतं मला. सहाव्या जागेवर येऊन कुणी ना कुणी बसतं. सगळ्यांची मान मोबाइलमध्ये असते. विचारलं तर लगेच हो म्हणतील.

म्हणूनच मी अजून कुणाला विचारलेलं नाही.