पिवळ्या दिव्याचे लाड

स्वयंपाकघराच्या दारावरचा उजवा दिवा पिवळा झाला आणि सांगलीच्या त्या फ्लॅटमध्ये कोमलचं राज्य सुरू झालं. निनादने बायकोसाठी आल्याचा चहा टाकला. सासूबाईंनी खोबरेल तेल कोमट करायला ठेवलं. थोरली जाऊ वृषाली मात्र पोळ्या लाटत राहिली, कारण तिचा डावा दिवा नेहमीप्रमाणे हिरवाच होता.

दोन जावा, दोन दिवे. दोघींच्या दंडावर नखाएवढी एकेक चाहूलपट्टी. घामातल्या संप्रेरकांचा माग, कातडीची ऊब आणि झोप यांचा मेळ घालून ती पाळीआधीचे कठीण दिवस ओळखायची आणि आपापला दिवा पिवळा करायची. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या घराला समोर बसवून सांगितलं होतं, "संप्रेरकं प्रत्येकीचीच वरखाली होतात. कोमलचा मेंदू त्या चढउताराने फार हलतो, एवढंच. हा स्वभाव नव्हे, आजार आहे. दिवा पिवळा झाला की रोज एक गोळी, भरपूर झोप, संध्याकाळी चालणं. पाळी आली की गोळी बंद."

तेव्हापासून घर शहाणं झालं. एकेकाळी कावळा शिवला म्हणून स्वतः कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई आता पिवळ्या दिव्याखाली सुनेच्या डोक्याला तेल चोळायच्या. कोमल फणकारली तरी कोणी उलट शब्द बोलत नसे. ती रडली तर निनाद हातातलं काम टाकून तिच्यापाशी बसे.

हे चांगलंच होतं, वृषालीला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि पोटातली जळजळ वेगळी. तिशीत तिलाही महिन्यातले पाच दिवस असेच खायला उठायचे. तेव्हा पट्टी नव्हती. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची थोरली जरा खाष्टच आहे." नवरा, हेमंत, पायात चपला सरकवून बाहेर पडायचा. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी तिचे ते दिवस ओसरले होते, आणि लाड सुरू झाले होते ते धाकटीचे! कोमलच्या कपातून आल्याचा वास आला की वृषालीला तो चहा मोरीत ओतावासा वाटे.

पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी तिने वेगळाच उद्योग केला. रविवारी न्हायच्या आधी दोघी पट्ट्या काढून एकाच वाटीत ठेवत. कोमलच्या पट्टीवर ओळखीसाठी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. वृषालीने तो पुसला आणि तसाच आपल्या पट्टीवर काढला. दोन मिनिटांचं काम. न्हाऊन आल्यावर कोमलने ठिपका बघून वृषालीचीच पट्टी दंडावर लावली. गंमत म्हणून, असं तिने स्वतःला बजावलं. गोळीचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि चार दिवसांनी काय बिघडतंय म्हणून तिने तो झटकून टाकला.

गुरुवारी डावा दिवा पिवळा झाला.

"अगं, तुझा?" हेमंत दिव्याकडे बघतच राहिला. मग लगबगीने चहा करायला गेला. साखर जास्त पडली, तरी वृषालीने तो घोट घोट पुरवून प्यायला. दुपारी सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. "बस गं. किती राबतेस." त्यांची बोटं केसांतून फिरू लागली तशी वृषालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारी कोमल भांडी घासत होती. घास बाई, वृषाली मनात म्हणाली. बघ कसं वाटतं.

शनिवारी कोमलच्या हातून काचेचं भांडं फुटलं आणि ती तिथेच बसून हमसून हमसून रडू लागली. निनादने आधी दारावर पाहिलं. "हिरवा तर आहे गं तुझा. मग उगाच काय?"

कोमलनेही दिव्याकडे पाहिलं. डोळे पुसले आणि काचा गोळा करायला लागली.

सोमवारी दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. कोमल कठड्याला टेकली आणि खाली बघत राहिली.

"वहिनी, दिवा पिवळा असला ना, की मी मनाला सांगते, हे आठ दिवसांचं आहे, जाईल. आता हिरव्यातसुद्धा तसंच वाटतंय. म्हणजे आजार वगैरे काही नव्हताच. मीच अशी आहे. आणि अशीच राहणार असेन तर मला नाही जगायचं."

वृषालीच्या हातातली चादर खाली पडली. तिने कोमलचं मनगट घट्ट धरलं.

"तू अशी नाहीस. ऐकतेस ना? पट्ट्या मी बदलल्या. तो पिवळा दिवा तुझा आहे."

"का?" कोमलला एवढंच विचारता आलं.

"जळले तुझ्यावर."

मनगट न सोडता तिने कोमलला खाली आणलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्या म्हणाल्या तशी गोळी दिली. आज तिला क्षणभरही एकटं सोडू नका आणि तासाभरात दवाखान्यात या, असं त्या म्हणाल्या. दोघींनी आपापल्या पट्ट्या लावल्या आणि दिवे जागच्या जागी आले. मग वृषालीने सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. निनादने बायकोला जवळ घेतलं आणि तो लहान मुलासारखा रडला. ते बघताना वृषालीला शरम वाटली, भीती वाटली, आणि खोलवर कुठेतरी पुन्हा तीच मत्सराची कळ आली. या कळेला कुठली तारीख नव्हती, हे आता तिला कबूल करावंच लागलं.

निनाद आणि सासूबाई कोमलला घेऊन दवाखान्यात गेले. घरात ती आणि हेमंत उरले.

"शोभतं का हे तुला?" हेमंत कडाडला. "तुला काय कमी आहे गं या घरात?"

वृषालीने खुर्ची पुढे ओढली. "चुकलं माझं. त्याची शिक्षा जी द्याल ती घेईन. पण काय कमी आहे तेही सांगते. वीस वर्षांचं आहे, वेळ लागेल. बसता?"

हेमंतचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. बसण्याआधी त्याची नजर मात्र वर, दाराकडे वळली. डावा दिवा हिरवा होता.

हिरव्या दिव्याच्या बाईचं ऐकून घ्यायची या घराला सवय होती का?