नावाचा पत्ता कोणी पुसला?

निरीक्षकबाईंनी फोन उचलला. पलीकडून एक दमलेला आवाज म्हणाला, “सायबर शाखा ना? मी सर्जन बोलतोय. आज आमच्याकडे एका बाळंतिणीला रक्त मिळायला फार उशीर झाला.”

निरीक्षकबाईंनी चहाचा कप बाजूला सारला. “त्यात आमचं काय काम?”

“तिचा रक्तगट दुर्मिळ आहे. तसे दाते एकाच वेबसाइटवर सापडतात. सकाळी ती उघडलीच नाही. आमचे कॉम्प्युटरवाले म्हणतात, बिघाड नाही, कोणीतरी मुद्दाम केलंय.”

“त्या आता कशा आहेत?”

“बाळ ठीक आहे. आई अजून शुद्धीवर नाही.”

ती वेबसाइट एक निवृत्त डॉक्टरबाई घरातून चालवत होत्या. तिसरा मजला, अरुंद जिना. दार त्यांच्या लेकीने उघडलं. चाळिशी ओलांडली तरी आई तिला बेबीच म्हणत होती. ती जवळच राहायची आणि रोज फेरी मारायची.

डॉक्टरबाई कॉम्प्युटरसमोर बसून होत्या. एक हात छातीवर होता. “माझी वेबसाइट चोरीला गेली का हो?”

“नाही. ती जिथल्या तिथे आहे. तिच्याकडे जाणारा रस्ता तोडलाय.”

“मला कळेल असं सांगा.”

निरीक्षकबाई खुर्ची ओढून बसल्या. “प्रत्येक वेबसाइट कुठल्यातरी यंत्रात राहते. त्या यंत्राचा पत्ता आकड्यांचा असतो. आकडे आपल्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण नाव घेतो. तुम्ही नाव टाइप केलंत की कॉम्प्युटर आधी विचारतो, या नावाचा पत्ता काय?”

“कोणाला विचारतो?”

“तुमच्या इंटरनेट कंपनीच्या यंत्राला. त्याला ठाऊक नसेल तर ते वर विचारतं. नावात शेवटच्या टिंबानंतरचा तुकडा असतो ना, तो सांभाळणारे सांगतात, या नावाची माहिती अमुक यंत्राकडे आहे. त्या यंत्राकडे खरा पत्ता मिळतो. तुमच्या नावापुढचा पत्ता कोणीतरी बदललाय. नव्या पत्त्यावर काहीच नाही.”

“कोणाला बदलता येतो?”

“नाव ज्यांनी नोंदवलं त्यांना. इथे कोणी नोंदवलं?”

“आमच्या मिस्टरांनी. पण ते जाऊन दोन वर्षं झाली.”

कपाटावर त्यांचा चष्मा, घड्याळ आणि फोन ठेवला होता. निरीक्षकबाईंनी विचारून फोन हातात घेतला आणि बटण दाबलं. पडदा उजळला. बॅटरी जवळजवळ भरलेली होती.

“तुम्ही वापरता हा?”

“छे. माझ्याने हात लाववत नाही. बेबीच धूळ पुसते.”

निरीक्षकबाईंनी फोन जागेवर ठेवला. “वेबसाइट शेवटची चालू कधी पाहिलीत?”

“काल, रविवारी संध्याकाळी. इथेच बसून एका पेशंटला दाता शोधून दिला. बेबी म्हणत होती, आज तुझी साइट बंद आहे, चल फिरून येऊ. मी लगेच उघडून दाखवली, छान चालू होती. मी उठावं म्हणून हिचं आपलं काहीतरी चालू असतं.” डॉक्टरबाई किंचित हसल्या.

बेबी पाणी आणायला आत गेली.

“कोणाशी वाकडं आहे तुमचं?”

“आहे एकाशी. कॅप्टन.”

कॅप्टन पूर्वी मालवाहू जहाजावर होते. एका खोलीत एकटे राहायचे. पलंगावरची चादर ताणून बसवलेली, चपला भिंतीला समांतर. त्यांनी उजव्या हाताने दार लावलं. डाव्या कोपराच्या आत कापूस चिकटवलेला होता.

“डॉक्टरबाईंशी तुमचं भांडण होतं?”

“होतं नाही, आहे.”

“कशावरून?”

“मी म्हणालो, दात्यांचे नंबर असे उघड्यावर नकोत, लोक छळतात. त्या म्हणाल्या, ज्याचा जीव जातोय तो पासवर्ड कुठून आणणार? मी तणतणत निघून आलो. वर्ष झालं, ती पायरी चढलो नाही.”

“साइट बंद पडली तर तुम्हाला बरंच वाटलं असेल.”

कॅप्टननी कोपर पुढे केलं. “ते रक्त मीच देऊन आलो, मॅडम. साइट चालू असती तर हॉस्पिटलने मला सकाळीच गाठलं असतं. सर्जननी दहा ठिकाणी विचारत माझा नंबर मिळवला, तोवर दुपार झाली होती.” ते खिडकीकडे वळले. “त्या बाळंतिणीचा नवरा माझ्या पाया पडायला आला. मला तिथे उभं राहवेना.”

निरीक्षकबाई जिना उतरत असतानाच नाव नोंदवणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं. पत्ता रविवारी दुपारी बदलला होता. कोणीतरी ‘पासवर्ड विसरलो’ असं कळवलं होतं. नवा पासवर्ड करण्याची चिठ्ठी डॉक्टरबाईंच्या मिस्टरांच्या ईमेलवर गेली होती.

त्या पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या.

“कॅप्टन नाहीत,” निरीक्षकबाई म्हणाल्या. “ती चिठ्ठी या फोनवर आली. जो फोन कोणी वापरत नाही, त्याची बॅटरी भरलेली कशी? आणि कॅप्टन तर वर्षभर या घरात आलेले नाहीत.”

“मग कोण?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“इंटरनेट कंपनीची यंत्रं दर वेळी पत्ता नव्याने विचारत नाहीत. मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवतात. तुमच्या नावाचं उत्तर साधारण दिवसभर टिकायचं. म्हणून दुपारी पत्ता बदलूनही काल संध्याकाळी तुम्हाला साइट दिसली. जुनं उत्तर विसरलं गेलं आणि आज सकाळी ती गायब झाली. हॉस्पिटलातही तेच झालं.”

त्या बेबीकडे वळल्या. “काल संध्याकाळी या घरातून ती बंद दिसणं शक्यच नव्हतं. तरी तुम्ही म्हणालात, साइट बंद आहे. तुम्ही ती पाहिली नव्हती. तुम्हाला माहीत होतं.”

बेबीने नाही म्हटलं नाही.

“बाबा याच खुर्चीत गेले,” ती म्हणाली. “फोन कानाला होता. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता. आता हिच्या हृदयाचंही तेच. डॉक्टर सांगून थकले, विश्रांती घ्या. ही ऐकते का? मी म्हटलं, आठवडाभर बंद ठेवू. काल दुपारी ही झोपली होती, तेव्हा केलं. संध्याकाळी पाहते तर साइट चालू. मला वाटलं, आपल्याला जमलं नाही. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.”

“आणि आज सकाळी?”

“आईचा फोन आला, साइट बंद आहे म्हणून. तेव्हा कळलं. म्हटलं, गुपचूप परत लावून टाकू. इथे आले तर आई कॉम्प्युटरवरून उठेना. मग हॉस्पिटलचं कळलं आणि तोंडच उघडेना.”

“सकाळीच बोलली असतीस तर मी हाताशी असलेले नंबर फिरवले असते, बेबी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. “ऊठ. आधी पत्ता परत लाव.”

बेबीने जुना पत्ता परत लावला.

“लगेच सगळीकडे दिसणार नाही,” निरीक्षकबाई म्हणाल्या. “चुकीचं उत्तरही तसंच लक्षात राहतं. कुठे आज दिसेल, कुठे उद्या.”

“म्हणजे आज आणखी कोणाची अडचण होऊ शकते?”

“होऊ शकते.”

डॉक्टरबाईंनी फोन ओढला आणि ओळखीच्या हॉस्पिटलांना एकेक करून कळवायला सुरुवात केली. लेक निरीक्षकबाईंबरोबर निघाली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

गाडीत बसल्यावर बेबीने विचारलं, “ठाण्यात जायच्या आधी हॉस्पिटलात जाता येईल?”

निरीक्षकबाईंनी सर्जनना तसं कळवलं आणि गाडी वळवली.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर नवरा बसला होता. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. त्याने बेबीकडे पाहिलं आणि जागा करून देत सरकला. “सर्जन म्हणाले, रक्तदात्यांच्या साइटवाल्यांकडून कोणी येतंय. तुम्हीच का? सकाळपासून शोधतोय तुम्हा लोकांना. ती का बंद होती हो?”

बेबी त्याच्या शेजारी बसली.

“सांगते,” ती म्हणाली. “पण बाळाला आधी दुसऱ्या कोणाकडे तरी द्या.”