पुढ्यातली मगर

"चोर!" तेओफिल आपल्या पोलिशमध्ये ओरडला, आणि ओट्मार पांढराफटक पडला.

पोलंडमधल्या बियालिस्तोकच्या, एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेच्या क्लबात त्या संध्याकाळी 'होन्ती', म्हणजे लाजणे, या क्रियापदाचं कूळ ठरायचं होतं. पोलिश अध्यक्ष वालेन्टी आठवडाभर छातीठोकपणे सांगत फिरत होते, शब्द फ्रेंचच. जर्मन मास्तर ओट्मार म्हणत होता, मूळ त्याही मागे, जर्मानिक. निकाल हिर्श गुरुजींच्या चिठ्ठीत होता आणि ती चिठ्ठी शेगडीत जळलेली सापडली. चोरीच्या आळापायी ओट्मारची हकालपट्टी झाली असती, तर त्या गावात त्याच्याशी चहा प्यायलाही कुणी उरलं नसतं.

तेओफिलची मैत्रीण रेगिना खासगी तपास करायची. तिने सगळ्यांना बसतं केलं.

"वालेन्टीसाहेब, तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच, सभेपुरता." उजव्या हाताचा मोजा त्यांनी काढला नव्हता.

"मग ही मगर तुमच्या पुढ्यात कशी?"

तेओफिलला हसू आलं. क्लबात एस्पेरांतो सोडून कुणाच्या तोंडून मातृभाषा निसटली, की ऐकणाऱ्याने लाकडी मगर गुपचूप त्याच्या जागी ठेवायची, असा रिवाज. दुपारी तो पुस्तक परत करायला आला, तेव्हा ती खुंटीवर होती.

"कुणीतरी थट्टा केली," वालेन्टी म्हणाले.

ग्रंथपाल एस्तेराने मान खाली घातली. "कुणी आणि का ठेवली, हे सांगायचं नसतं, बाई."

"नको सांगूस. गुरुजी, चिठ्ठीत काय होतं?"

"फ्रेंचांनी हा शब्द जुन्या फ्रँक लोकांकडून घेतला. जर्मनांचा 'होन' त्याचाच भाऊ. होन म्हणजे टवाळी."

"म्हणजे ओट्मारच जिंकत होता!" रेगिना म्हणाली. "जिंकणारा चिठ्ठी कशाला जाळेल? जाळली ती वाचून हरलेल्याने. आणि आपण सभेला बसलो, तेव्हाच मगर या जागेवर होती. साहेब आधी येऊन इथे पोलिश बोलले, म्हणूनच ना? हात पोळला, की माणसाला आईचीच भाषा सुचते. मोजा काढा."

वालेन्टींनी काढला. बोटांवर फोड आले होते.

"सगळे हसले असते हो मला," ते पुटपुटले.

कुणीच हसलं नाही. तेओफिलला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं. जर्मन म्हणजे चोर, एवढंच त्याला सुचलं होतं. तो उठला आणि त्याने वालेन्टींच्या पुढ्यातली मगर उचलून आपल्या जागी ठेवली.

"मघाशी मीही पोलिशमध्ये ओरडलो. ओट्मार, तुला कळलं नसेल म्हणा..."

"तेवढा एक शब्द," ओट्मार एस्पेरांतोत म्हणाला, "या गावाने मला पहिल्याच आठवड्यात शिकवला."