आंबलेल्या प्लेटा

साखर कारखान्यातून उसाच्या मळीचा कॅन पोचवायला आलेल्या माणसानं आपली सगळी मेहनत कचऱ्यात घातली, हे आसावरीला कळलं तेव्हा तो समोर हसत उभा होता.

"तुमी म्हणालात ना, खराब प्लेटा लाल पिशवीत टाका? टाकल्या."

आसावरीनं पिशवीत डोकावलं... आणि तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

बारामतीच्या त्या प्रयोगशाळेत ती जनुकं बदललेले जिवाणू पारखत होती. मळीवर वाढून कोण जास्त आम्ल बाहेर सोडतो, ते शोधायचं. त्या आम्लापासून कुजणारं प्लास्टिक करता येतं. प्लेटेत खडूची पूड असे. आम्ल सुटलं की खडू विरघळून जिवाणूंच्या ठिपक्याभोवती स्वच्छ कडं उमटे. या शहाण्यानं नेमक्या कडं उमटलेल्या प्लेटाच वेचल्या होत्या!

"अहो, याच तर चांगल्या!"

"आमच्या साखर कारखान्यात रस आंबला की बोंब होती," तो ओशाळून म्हणाला. "खडू विरघळलेला दिसला, म्हटलं हे बी आंबलं."

हा ऋषिराज, कारखान्याचा हंगामी केमिस्ट. हातमोजे चढवून त्यानं एकेक प्लेट जपून बाहेर काढली. कान लालबुंद. आसावरीचा राग कुठल्या कुठे पळाला.

मग मळी येतच राहिली. सोबत त्याच्या गावची, पळसदेवची, घरची डाळिंबंही. तो दारात रेंगाळायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि... "कॅन कुठं ठेवू?" एवढंच विचारायचा. तिला तर आता त्याच्या मोटारसायकलचा आवाजही ओळखू येत होता.

हंगाम संपला. कारखाना बंद म्हणजे ऋषिराज पळसदेवला परत. तो आज न बोलताच गेला तर? या विचारानं तिला सकाळपासून काही सुचत नव्हतं.

"तुमच्या पिशवीतलाच एक जिवाणू निवडला आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी," तो शेवटचा कॅन घेऊन आला तेव्हा तिनं प्लेट दाखवली. केवढं मोठं कडं!

"आणि बाकीचे?"

"आम्ल बनवतात तेही. पण पोटातच ठेवतात." तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "काही माणसांसारखं."

ऋषिराज हसला. मग हसू आवरून, एकदाचं, म्हणाला, "मला तुमी लई आवडता, आसावरी. उद्यापास्नं मळीचं निमित्त न्हाय. बिननिमित्ताचा आलो... तर चालंल?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आनंदानं.

"या की. वाटच बघते मी," ती म्हणाली. "फक्त लाल पिशवीला हात लावायचा नाही!"